आरव्हीसाठी छोटं वॉशिंग मशीन कसं निवडावं: आधी टाकी बघा, मग मशीन

आरव्ही, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेऊन महिनाभर फिरायचं ठरलं की स्वयंपाक, झोपायची सोय, इंटरनेट या सगळ्याचा विचार आधी होतो आणि धुण्याचा विषय मागे पडतो. मग चार-पाच दिवसांतच ओल्या टॉवेलांचा ढीग साचतो आणि कॅम्पग्राउंडच्या लॉन्ड्रीत क्वार्टरची नाणी हातात घेऊन रांग लावावी लागते. गाडीतच मशीन असावं असं तेव्हा प्रत्येकाला वाटतं. दुकानदार क्षमता, प्रोग्रॅम आणि स्पिनचा वेग सांगायला लागतो. माझं मत असं की आरव्हीसाठी हे सगळं नंतर बघायचं. तुमच्या गाडीत कोणतं मशीन चालेल हे ठरवते ती ग्रे टाकी, म्हणजे बेसिन-शॉवरचं वापरलेलं पाणी साठवणारी टाकी, आणि तिच्या जोडीला गाडीची वीज.

इथे लिहिलेलं अमेरिकेतल्या आरव्हींना धरून आहे. भारतातून मशीन नेण्याचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

पायरी १: मुक्काम कुठे असतो ते लिहून काढा

गेल्या वर्षभरातले मुक्काम आठवा आणि तीन रकान्यांत मांडा. पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हींची जोडणी असलेली जागा, म्हणजे फुल हुकअप. फक्त वीज-पाणी असलेली जागा. आणि काहीच नसलेली जागा, ज्याला तिकडे बूनडॉकिंग म्हणतात.

राष्ट्रीय उद्यानांच्या ओढीने आरव्ही घेतली असेल तर हे मांडणं फारच महत्त्वाचं, कारण तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नसतात. यलोस्टोनमध्ये फुल हुकअपची सोय एकट्या फिशिंग ब्रिजला आहे आणि ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ वाळवंटात महिनोन्महिने राहणारे हजारो लोक असतात. त्यांच्या जागेवर नळही नाही आणि प्लगही नाही.

पहिला रकाना भरलेला असेल तर बसवायचं मोठं मशीन घेण्यात अर्थ आहे. तिसरा भरलेला असेल तर ते मशीन कपाटात नुसतं उभं राहील. वर्षातून दोन-तीन आठवडेच बाहेर पडत असाल, तर मी म्हणेन काहीच घेऊ नका. हजार-पंधराशे डॉलर वाचतील आणि कपाटही मोकळं राहील.

पायरी २: ग्रे टाकीचं गणित

गाडीच्या कागदपत्रांत ग्रे टाकीची क्षमता दिलेली असते. मधल्या आकाराच्या ट्रेलरला ती ४० गॅलनच्या आसपास असते, म्हणजे साधारण १५० लिटर. समोरून कपडे घालायचं छोटं मशीन एका घाण्याला १० ते १५ गॅलन पाणी सोडतं. शॉवरला मिनिटाला दोन गॅलन धरले तर पाच मिनिटांच्या अंघोळीचे १० गॅलन झाले. दोघांच्या अंघोळी आणि एक घाणं मिळून ३५ गॅलन. भांडी अजून घासायचीच आहेत.

टाकी भरली की पाणी गाडीतल्या सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतं, आणि ती जाळी असते शॉवरची. मशीनचा पंप जोरात पाणी ढकलतो, त्यामुळे बाथरूममध्ये बघता बघता साबणाचं गढूळ पाणी घोटाभर साचतं. तेव्हा ‘टाकीत मावेल ना’ एवढं विचारून थांबू नका. ‘अर्धी भरलेली असताना एक पूर्ण घाणं मावेल ना’ हे विचारा.

दोन ग्रे टाक्या असतील तर मशीनचं पाणी कोणत्या टाकीत जातं तेही बघून ठेवा. काही गाड्यांत ते स्वयंपाकघराच्या टाकीत जातं आणि ती बहुधा लहान असते. फुल हुकअपला धुताना ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर ही काळजी मिटते. ब्लॅक टाकीचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह मात्र बंदच हवा. तो उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला टाकीच्या तळाशी साचतो.

पायरी ३: कोणत्या वेळी काय बंद ठेवायचं

आरव्हीची वीज दोन प्रकारची: ३० अँपिअर आणि ५० अँपिअर. ५० म्हणजे ३० च्या पावणेदोनपट, असा समज होतो. प्रत्यक्षात ३० अँपिअरची एकच तार १२० व्होल्टची, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. ५० अँपिअरच्या जोडणीत प्रत्येकी ५० अँपिअरच्या अशा दोन तारा असतात आणि एकूण १२,००० वॅट मिळतात. फरक तिपटीहून जास्त आहे.

धुणं-वाळवणं एकत्र करणारं मशीन वाळवताना साधारण १२ अँपिअर ओढतं. छतावरचा एसी चालू असताना १२ ते १५. पाणी तापवायचा विजेचा हीटर आणखी १२. ३० अँपिअरच्या गाडीत मशीन आणि एसी दोन्ही लावले की २४-२७ झाले. त्यात कुणी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. म्हणून मशीन चालू असताना पाण्याचा हीटर गॅसवर ठेवायचा आणि मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही, एवढी शिस्त घरातल्या सगळ्यांना जमणार असेल तरच ३० अँपिअरच्या गाडीत असं मशीन घ्यावं.

बॅटरीवर कपडे वाळवायचा बेत असेल तर हिशेब करून बघा. १०० अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास वीज मावते. १,४०० वॅटचा ड्रायर दोन तास चालला तर २,८०० वॅट-तास गेले. एका घाण्याला दोन बॅटऱ्याही पुरत नाहीत. नुसतं गार पाण्यात धुणं मात्र बॅटरीवर सहज होतं. त्यासाठी इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा, असावा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडू शकतो.

पायरी ४: वाळवायचं कसं, हे धुण्याआधी ठरवा

कपडे धुणं तसं कुठेही जमतं. खरी अडचण वाळवण्याची, आणि खर्च, वीज, वेळ सगळं तिथेच जातं.

ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत जाडजूड जीन्सही दुपारपर्यंत वाळते. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, ऑलिम्पिकच्या जंगलांत, किंवा फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात तीच जीन्स दोन दिवस ओलसर राहते आणि गाडीत कुबट वास भरतो. कोकणातल्या पावसाळ्यात ज्यांनी कपडे वाळवले आहेत त्यांना हा वास वेगळा सांगायला नको. शिवाय बऱ्याच खासगी आरव्ही पार्कमध्ये बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालायला मनाई असते. बुकिंग करताना नियम वाचा.

वाळवणाऱ्या मशीनमध्ये दोन जाती. पहिली व्हेंटवाली: दमट गरम हवा भिंतीतल्या चार इंची भोकातून बाहेर टाकते. दुसरी बिनव्हेंटची: तीच हवा आतल्या आत गार करते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते ड्रेनमधून जातं. दुसरीला भिंत कापावी लागत नाही, पण ती जास्त वेळ घेते. एका घाण्याला तीन-चार तास लागले तरी आश्चर्य नाही. भिंतीत भोक आधीच असेल किंवा पाडता येत असेल, तर मी डोळे झाकून व्हेंटवाली घेईन.

दोन्ही जातींत एक नियम पक्का: जेवढे धुतले जातात त्याच्या साधारण निम्मेच कपडे एका वेळी नीट वाळतात. १५ पौंडांचं मशीन म्हणजे वाळवण्यासाठी सात-आठ पौंड, म्हणजे दोन जीन्स, तीन-चार शर्ट आणि एखादा टॉवेल. पोशाखच सुटसुटीत, लवकर वाळणारे ठेवले तर मशीन लहान चालतं.

पायरी ५: आता मशीन निवडा

फुल हुकअप, ५० अँपिअर आणि वर्षाचे कित्येक महिने गाडीत राहणं असेल तर कॉम्बो, म्हणजे एकाच ड्रममध्ये धुणं आणि वाळवणं. आरव्हीच्या धंद्यात स्प्लेंडिड हे नाव या प्रकारासाठी ओळखीचं आहे. त्यांची व्हेंटवाली आणि बिनव्हेंटची दोन्ही मशीनं मिळतात. रात्री कपडे घालायचे आणि सकाळी काढायचे, अशी सवय लागली की वेळ लागतो याचं काही वाटत नाही. मोठ्या फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरमध्ये, उंच कपाट असेल तर धुण्याचं आणि वाळवण्याचं वेगळं मशीन एकावर एक बसवता येतं. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला तेच बरं, एक घाणं वाळत असताना दुसरं लावता येतं. ड्रायर १२० व्होल्टचा आहे ना, हे तेवढं तपासा. घरगुती ड्रायर बहुतेक २४० व्होल्टचे असतात.

बाकी सगळ्यांसाठी मी आपलं जुनं ओळखीचं सेमी-ऑटोमॅटिक सुचवेन. तिकडे ते ट्विन टब या नावाने मिळतं, दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास. प्लास्टिकचं, एकट्याला उचलता येणारं, दोनशे-तीनशे वॅटवर चालणारं. शॉवरमध्ये ठेवायचं, शॉवरच्याच पाइपने भरायचं आणि तिथेच सोडायचं. आणि पाणी आपल्या हातात राहतं. आधी पांढरे कपडे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, शेवटी मोजे आणि पायपुसणी, ही आपल्या घरांतली पद्धत बूनडॉकिंगला अगदी योग्य आहे. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन प्रत्येक घाण्याचं पाणी टाकून देतं. कपडे काढून पिळायच्या टबात घालायची मेहनत आहे, पण पिळून निघालेले कपडे नुसते ओलसर असतात आणि सावलीतही लवकर वाळतात. पिळायला लागते त्याच्या कितीतरी पट वीज उष्णतेने वाळवायला लागते.

खोक्यावरचा आकडा वाचताना सावध राहा. १७.६ पौंड असं ठळक छापलेलं असतं. त्यात ११ धुण्याचे आणि ६.६ पिळण्याचे, दोन्हींची बेरीज असते. भारतातून आई-वडील येणार असतील तर सुती साडी जाळीच्या पिशवीत घालूनच पिळा, नाहीतर ती टबात गुंतते.

पायरी ६: टेप आणि वजनाचं लेबल

बसवायचं मशीन साधारण २४ इंच रुंद आणि ३३-३४ इंच उंच असतं. कपाट मोजता तसाच गाडीचा दरवाजा, आतलं वळण आणि कपाटाची चौकटही मोजा. मागे पाइपांसाठी चार-सहा इंच लागतात. स्लाइड, म्हणजे गाडीचा बाहेर सरकणारा भाग, आत घेतल्यावर मशीनचं दार उघडतं का तेही बघा. ‘वॉशर-ड्रायर प्रेप’ असं गाडीच्या माहितीत लिहिलेलं असेल तर नळ, ड्रेन आणि प्लग आधीच केलेले असतात. ते नसेल तर बसवण्याचा खर्च वेगळा धरा.

कॉम्बोचं वजन दीडशे पौंडांच्या आसपास, साधारण ६८ किलो. दाराजवळच्या लेबलवर गाडी किती माल वाहू शकते तो आकडा असतो, आणि टाकीतलं पाणीही त्याच मालात मोजतात. ४० गॅलन पाणी म्हणजेच ३३० पौंडांहून जास्त. ट्रेलरमध्ये मशीन अगदी मागे बसवू नका. मागचं वजन वाढलं की हिचवरचा, म्हणजे पुढच्या गाडीला जोडायच्या कडीवरचा, भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये कपाट बहुधा पुढे असतं, तिथे उलट ट्रकवरचा भार वाढतो, म्हणून ट्रकची मर्यादा तपासा.

पायरी ७: पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

आरव्हीत बसवलं तर वॉरंटी राहते का, हे लेखी विचारा. बऱ्याच घरगुती मशीनांची राहत नाही. प्रवासात ड्रम कसा अडकवायचा तेही माहितीपुस्तकात बघून घ्या. आणि गाडीच्या १२ व्होल्ट पंपाच्या दाबावर मशीन भरतं का तेही.

शेवटचा प्रश्न थंडीचा. मिनेसोटा किंवा इलिनॉयमध्ये गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर मशीनच्या पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये उरलेलं थोडंसं पाणीही गोठून ते फोडतं. नळ बंद करून पाइप रिकामे करा, मग आरव्हीसाठी मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ ड्रममध्ये ओतून पाणी सोडायचा प्रोग्रॅम थोडा वेळ चालवा. गरम आणि गार दोन्ही व्हॉल्व्हमधूनही ते गेलं पाहिजे. गाडीच्या इंजिनाचं अँटीफ्रीझ वापरू नका, ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि विषारी असतं. वसंतात पहिलं घाणं कपड्यांशिवाय लावा.