बारावीपर्यंत जमलं, मग कॉलेजात काय झालं?

बारावीपर्यंत मी वर्गात पहिल्या पाचात असायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी माझे चार विषय राहिले. ती मुलगी आणि ही मुलगी एकच कशी, याचं उत्तर मिळायला विसावं वर्ष उजाडलं. ते उत्तर होतं एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं, वेळ आणि कामं सांभाळणं अवघड करणारी मेंदूची अवस्था.

साताऱ्याला होते तेव्हा संध्याकाळी सातला आई भाजी निवडत माझ्याशेजारी बसायची. अभ्यास घ्यायची नाही, फिजिक्स तिला येत नव्हतं. नुसती बसायची. माझी नजर खिडकीबाहेर गेली की "कुठे पोचलीस गं?" एवढंच म्हणायची. दप्तर ती बघायची, हॉलतिकीट तिच्या कपाटात असायचं, क्लासची वेळ तिला पाठ. माझं लक्ष जागेवर ठेवायचं काम ती करत होती, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पुण्याला होस्टेलवर आले आणि तो आधार एका दिवसात सुटला.

यंदा कॉलेजला जाणाऱ्या आणि नुकतंच एडीएचडीचं निदान झालेल्या, किंवा तशी शंका येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. एडीडी हे 1980 मधलं नाव, 1987 पासून एडीएचडी म्हणतात. म्हणून जुने लोक अजून एडीडी म्हणताना ऐकू येतील. सगळेच काही वर्गात उड्या मारत नसतात. माझ्यासारख्या मुली गप्प बसलेल्या असतात, फक्त तिथे नसतात. त्रास कुणाला नाही, म्हणून लक्षातही कुणाच्या येत नाही.

नेमकं काय होतं ते एका पेपरवरून सांगते. आमचा इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधला पेपर, एक तासाचा, 30 मार्कांचा. पहिला किंवा दुसरा प्रश्न, तिसरा किंवा चौथा. मी पहिला लिहिला आणि पान उलटून लगेच दुसरा लिहायला घेतला. दोन्हींच्या मध्ये ठळक अक्षरात 'ऑर' छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचलं आणि निसटलं. तिसऱ्याला पोचले तेव्हा सात मिनिटं उरली होती. एक आकृती काढली, नावं द्यायच्या आत पेपर ओढून घेतला. त्या प्रश्नाचं उत्तर मी आदल्या रात्री रूममेटला शिकवलं होतं.

असे मार्क जातात तेव्हा घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. सर म्हणतात, निष्काळजीपणा. आपणही तेच मानायला लागतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. हातातल्या कामाला लागणारी गोष्ट दोन मिनिटं डोक्यात धरून ठेवायची जी क्षमता असते, ती एडीएचडीत अनेकदा कच्ची असते. वेळेचा अंदाजही तसाच. 'आत्ता' आणि 'नंतर' एवढेच दोन काळ कळतात. सबमिशन पंधरा दिवसांवर असतं तेव्हा ते 'नंतर'मध्ये असतं, आणि एकदम आदल्या रात्री 'आत्ता'मध्ये येतं. मग पहाटे तीनला काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंग शीटवरून जीटी मारायची, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, आकृती जशीच्या तशी गिरवायची. जीटी सगळेच मारतात, पण बाकीच्यांना एखादी शीट मारायची असते. माझ्या सगळ्याच राहिलेल्या असायच्या.

मग मी काय केलं? आईचं काम वाटून टाकलं, दुसरं काही नाही. पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याची जागा घेतली. आजूबाजूला एमपीएससीची मुलं मान खाली घालून बसलेली. कुणी बोलत नाही, पण शेजारी कुणी अभ्यास करतंय एवढ्यानेच मी तासभर टिकते. खोलीत पंधरा मिनिटंही नाही. प्रॅक्टिकल संपलं की राइट-अप तिथेच लिहायचा, सही घेऊनच लॅबच्या बाहेर पडायचं. जर्नल खोलीवर नेलं की गेलं. काट्यांचं घड्याळ समोर ठेवायचं, कारण किती वेळ उरलाय ते काट्यांत डोळ्याला दिसतं. आणि पेपर हातात पडला की आधी पेन्सिलीने न सोडवायच्या प्रश्नावर आडवी रेघ. ही रेघ मी आजही मारते.

जीएफएम मॅडमना, म्हणजे आमच्या गटाची काळजी घेणाऱ्या शिक्षिकेला, मी उशिरा सांगितलं, ते लवकर सांगायला हवं होतं. वर्गभर सांगायची गरज नाही, पण एका शिक्षकाला माहीत असावं. त्या दर शुक्रवारी फक्त "काय राहिलंय?" एवढं विचारतात.

औषधाबद्दल. आपल्याकडे मिथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दोन जास्त ऐकाल. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. कुठलं घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. परीक्षेच्या तोंडावर मित्राची गोळी घेऊ नका, कळकळीने सांगते. गोळी बसायला मदत करते, बसून काय वाचायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

सवलतींबाबत अनेकांचा गैरसमज होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, आहे, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणजे नुसत्या एडीएचडीच्या चिठ्ठीवर जादा वेळ मिळेल असं धरून बसू नका. पण वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, स्पेलिंग किंवा आकडेमोड सतत चुकत असेल, तर त्याची वेगळी तपासणी जरूर करा. या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. मुंबईत सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ती होते. एमएससाठी अमेरिकेला जाणार असाल तर तिथे एडीएचडीला सवलत मिळते, जीआरई या प्रवेशासाठीच्या परीक्षेलासुद्धा. कागदपत्रं मात्र आधीपासून तयार ठेवावी लागतात.

डॉक्टर कुठे शोधायचा हेच कळत नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

पहिल्या भेटीला एकटे जाऊ नका. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे डॉक्टर विचारतात, आणि ते आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त आठवतं. झोप, थायरॉइड, चिंता याचीही चौकशी होते, कारण लक्ष त्यानेही उडतं. शाळेची प्रगतिपुस्तकं सोबत न्या. आईने माझी सगळी जपून ठेवली होती. चौथीच्या पुस्तकात बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, "हुशार आहे, पण वर्गात नसते." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि पान आईसमोर धरलं.