परदेशी रुग्णालयात एक महिना, यजमान कुटुंबाच्या घरी

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला परदेशातील रुग्णालय आतून पाहायचे असेल, तर १९५१ साली स्थापन झालेल्या आयएफएमएसए या वैद्यकीय विद्यार्थी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची देवाणघेवाण योजना हा त्यातल्या त्यात आवाक्यातला मार्ग आहे. साधारण चार आठवडे एखाद्या विभागात हजेरी लावायची असते आणि राहण्याची सोय तिथली स्थानिक समिती वसतिगृहात किंवा एखाद्या कुटुंबात करते. कुटुंबाचा पर्याय मिळाला तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण वॉर्डात वरिष्ठांना वेळ नसतो, तर घरात जेवणाच्या टेबलावर तुमची मोडकीतोडकी भाषा ऐकून घ्यायला माणसे बसलेली असतात. मात्र त्या घरात राहण्याची तयारी रुग्णालयाइतकीच काळजीपूर्वक करावी लागते. पुढील सूचना जर्मनीला जाणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

तयारीत सर्वाधिक वेळ लसीकरण खाते. हेपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायच्या असतात आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासावी लागते. जर्मनीत ती प्रति मिलिलिटर किमान १०० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके असावी, अशी अपेक्षा असते. पहिल्या वर्षी लस घेतली होती, पण नोंद सापडत नाही, ही आपल्याकडची नेहमीची रड असल्यामुळे आधी कागद शोधा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते. क्षयरोगाच्या बाबतीत यजमान रुग्णालयाला आधीच कळवावे की, आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली आहे आणि तिच्यामुळे मँटू चाचणी होकारार्थी येऊ शकते. बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्तचाचणी करून तिचा अहवाल जोडला, तर पुढची पत्रापत्री वाचते.

नागपुरातले मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) असो, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) असो वा मिहानमधील एम्स, विभागप्रमुखांमार्फत अधिष्ठात्यांची किंवा संचालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. लेखी परीक्षेला बसण्यासाठी सिद्धान्तात ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे शक्यतो सुटीचाच काळ निवडावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे. रुग्णालयाच्या निमंत्रणपत्रात कामाचे स्वरूप, कालावधी, मोबदला आहे की नाही आणि राहण्याचा पत्ता या चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात आणि त्या पत्राच्या आधारे कोणत्या वर्गाचा व्हिसा लागेल, हे वकिलातीलाच विचारावे. पर्यटक व्हिसावर जाऊन वॉर्डात उभे राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

भेटवस्तू म्हटली की नागपूरकराचा हात आपसूक संत्रा बर्फीकडे जातो. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे खव्याची मिठाई विमानतळावरच काढून घेतली जाण्याचा धोका असतो. ताजी संत्रीदेखील रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. त्याऐवजी विदर्भातील टसरची ओढणी किंवा हातमागाचे टेबलावर अंथरायचे कापड न्यावे. ते हलके असते आणि कोणत्याही घरात कामी येते.

घरात पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी काही प्रश्न न संकोचता विचारून घ्यावेत: अंघोळ कोणत्या वेळी केलेली चालेल, कपडे धुण्याचे यंत्र कोणत्या दिवशी मोकळे असते, बाहेरचे दार आतून कसे लावायचे, कोणता कचरा कोणत्या डब्यात जातो आणि जेवायला नसल्यास किती आधी सांगायचे. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा तिथे दंडक असतो. उन्हाळ्यात नागपूर जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असते, हे लक्षात ठेवून आईशी बोलण्याची वेळ संध्याकाळी लवकर ठरवून घ्यावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून लागणारे सामान शनिवारीच आणावे. रात्रीचे जेवण पुष्कळ घरांत पाव, चीज आणि सॅलड असे थंडच असते. चार दिवसांत तुमची जीभ तिखटासाठी कासावीस होईल, पण त्याची तक्रार करण्यापेक्षा एक दिवस स्वयंपाकघर मागून घेणे बरे. तेव्हा सावजी रश्श्याचा हट्ट धरू नये. पिठले-भात पुरतो, आणि बेसन तिथल्या आशियाई दुकानात मिळते. जर्मनीतील घरांत छताला धूरसूचक बसवलेला असतो. म्हणून तेल कडकडीत तापवून मोहरी आणि लाल तिखट त्यात टाकण्यापूर्वी खिडकी उघडावी, गॅसऐवजी असलेल्या विद्युत शेगडीची आच कमी ठेवावी आणि झाकण हाताशी घ्यावे, नाहीतर फोडणीचा ठसका घरच्यांना लागण्याआधीच भोंगा वाजू लागतो.

रुग्णालयात पोचल्यावर हात मोकळे हवेत. रुग्णसेवेत असणाऱ्यांना हातात आणि मनगटावर अंगठी, घड्याळ, कडे काहीही चालत नाही. देवळातला गंडा किंवा राखी बांधलेली असेल, तर ती आदल्या रात्रीच काढून ठेवावी. खोलीत शिरताना दार ठोठवावे, स्वतःची ओळख विद्यार्थी म्हणूनच द्यावी आणि तपासण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यावी. आपल्या ओपीडीच्या गर्दीत हे नेहमी साधत नाही, म्हणून जाण्यापूर्वीच त्याचा सराव करावा. रुग्णाचे छायाचित्र काढू नये आणि त्याच्याविषयी यजमानांच्या घरीही नावानिशी बोलू नये. औषधांच्या बाबतीत काही गोष्टी नव्या वाटतील: रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनऐवजी तिथे बहुधा फेनप्रोकुमॉन दिसते आणि आपण दुष्परिणामांच्या यादीत वाचलेले मेटॅमिझोल हे वेदनाशामक सर्रास दिले जाते. जर्मनीच्या पूर्वेकडील राज्यांत रक्तशर्करा मिलिमोलमध्ये लिहितात. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला मिलिग्रॅमचा आकडा येतो, म्हणजे ७ म्हणजे १२६.

यजमान घरातील आजी एखाद्या दिवशी गोळ्यांचा डबा उघडून तुमच्यापुढे ठेवतील आणि कोणती गोळी बंद करू, असे विचारतील. त्या वेळी औषधाचे काम समजावून सांगावे, पण मात्रेविषयी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला लावावे. त्यात उद्धटपणा नाही.

विभागात सादरीकरणाची संधी मिळाली, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विषय घ्यावा. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याचे जेवढे रुग्ण नागपूरच्या विद्यार्थ्याने पाहिलेले असतात, तेवढे तिथल्या विद्यार्थ्याने क्वचितच पाहिलेले असतील. जर्मनीत नवजात बालकांची सिकलसेल चाचणी ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाली आणि भारतात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये, त्यामुळे चर्चेला दोन्ही बाजूंनी सामग्री असते. रुग्णांची ओळख पटेल असे काहीही त्यात नसावे.

सुटीच्या दिवशी फिरण्यासाठी मे २०२३ मध्ये सुरू झालेले मासिक डॉइचलँड तिकीट सोयीचे आहे. ते स्थानिक बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालते, द्रुतगती आयसीई गाड्यांना नाही. ते आपोआप नूतनीकरण होणारे असल्यामुळे शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे. उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधीच घ्यावा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तिथले वरिष्ठ डॉक्टरही सुटीवर जातात.