घरातली बाई दारू पिते तेव्हा: आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बायकांनी मतदान घेऊन दारूच्या बाटल्या आडव्या केल्या, याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे दारू म्हटलं की पिणारा नवरा आणि सोसणारी बायको एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पिणारी बाई कुणाच्या हिशेबातच नसते. माझी थोरली जाऊ सहा वर्षं पीत होती. त्यातली चार वर्षं आम्ही तिला अशक्तपणावरची टॉनिकं आणून देत होतो.

कोंडून घालून दारू तोडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बाटली सापडली त्या दिवशी भाऊजींनी ती मोरीत ओतली, तिला पांडुरंगाची शपथ घातली आणि खोलीला बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, अंगावरचं लुगडं घामानं भिजलं. रात्री फिट आली. सासूबाई अंगारा शोधत होत्या, त्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे.

बाहेरचं काही नव्हतं. रोज भरपूर दारू पोटात जात असेल तर तिच्या गुंगीवर मात करायला मेंदू स्वतःला सतत ताणून ठेवतो. दारू एकदम थांबली की तो ताण मोकाट सुटतो. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून रोज पिणारीची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. ते गोळ्या देऊन मेंदू शांत करतात आणि त्या गोळ्या हळूहळू कमी करत नेतात. तोवर बाटली हिसकावू नका.

दवाखान्यात गेल्यावर लाजेपोटी 'चक्कर आली' एवढंच सांगू नका. पिणाऱ्या माणसाच्या अंगात ब१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ती दारू पिते हे डॉक्टरांना कळायला हवं, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

आमटीतून गुपचूप औषध देणं

'तिला कळणारही नाही' असं सांगून पुडी देणारे भेटतात. त्यात डायसल्फिरम असेल तर ते दारूचं शरीरातलं विघटन मध्येच अडवतं. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यकृत किंवा हृदय आधीच दुखावलेलं असेल तर प्राणावर बेतू शकतं. हे औषध डॉक्टरांनी आणि तिच्या संमतीनंच द्यायचं. शिवाय ज्या घरात ताटावरच विश्वास उरला नाही, तिथं ती बरी कशी होणार?

'बिअरच तर घेते'

८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे जवळपास चार छोटे पेग. आणि पुरुषाला पचते तेवढी बाईला पचत नाही. तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. यकृत कमी वर्षांत आणि कमी दारूत खराब होतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या पिण्यानंही वाढतो. गरोदरपणात तर एक घोटही सुरक्षित मानत नाहीत. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, शौच काळी किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

माहेरी पाठवून देणं

नवरा पीत असेल तर बायको त्याला सांभाळते. बायको पीत असेल तर तिची पिशवी भरली जाते आणि 'पोरं इथंच राहतील' असं बजावलं जातं. मला याचा फार राग येतो. पोरं हिरावली जातील या भीतीनंच बायका लपवतात आणि उपचाराला उशिरा येतात. जाऊबाई दुपारी, मुलं शाळेत असताना प्यायच्या, वर बडीशेप चघळायच्या. दारूआधी त्यांची झोप उडाली होती, मन खचलं होतं. ते आम्ही कधी विचारलंच नाही. नैराश्य असेल, घरात मारहाण होत असेल, तर त्यावरही दारूच्या बरोबरीनंच उपाय करावा लागतो.

मदत जवळच आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. जाण्याआधी फोन करून बाईच्या राहण्याची सोय विचारून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

पुन्हा प्यायली की 'सगळं वाया गेलं' म्हणणं

गळ्यात माळ घातली होती, तरी जाऊबाई दोनदा घसरल्या. या आजारात तसं होतं. पहिल्या वेळी सगळे त्यांना बोलले, माळेचा उद्धार झाला, आणि पुढचे तीन आठवडे त्या लपून पीत राहिल्या. दुसऱ्या वेळी त्यांनीच मला फोन केला, म्हणाल्या, "काल घेतली गं." मी एवढंच विचारलं, "जेवलात का?" त्याच संध्याकाळी आम्ही दोघी डॉक्टरांकडे होतो.