तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल: लहान प्रकल्पाची कार्यपद्धती

ज्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (वारंवार तळल्याने तेल बिघडून तयार होणाऱ्या पदार्थांचे) प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले आहे, ते तेल भारतात १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. असे तेल पुन्हा कढईत न जाता त्याचे बायोडिझेल व्हावे, यासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने त्याच वर्षी ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. या व्यवसायात उतरू पाहणारे बहुतेक जण आधी अभिक्रियेच्या टाकीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या किमती विचारतात. माझ्या मते पहिला खर्च तेल कोरडे करण्यावर आणि त्याची आम्लता मोजण्यावर व्हावा, कारण बिघडलेल्या बॅचचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉलचे तीन रेणू ती मेदाम्ले स्वतःकडे घेतात. त्यातून तयार होणारे मिथाइल एस्टर म्हणजेच बायोडिझेल, आणि सुटे झालेले ग्लिसरीन जड असल्याने तळाशी जाते. तेलात पाणी किंवा सुटी मेदाम्ले असतील, तर उत्प्रेरकाचा काही भाग इंधनाऐवजी साबण तयार करण्यात खर्ची पडतो आणि पुढे दोन थर नीट वेगळे होत नाहीत.

म्हणून फरसाणवाल्यांकडून किंवा हॉटेलांतून आलेले तेल प्रथम कोमट करून गाळावे, काही तास स्थिर ठेवून तळाचे पाणी व गाळ काढून टाकावा, आणि नंतर १०५ ते ११० अंश सेल्सियसपर्यंत तापवून फेस व बुडबुडे थांबेपर्यंत वाळवावे. निर्वात यंत्रणा असल्यास हेच काम कमी तापमानाला होते आणि तेल अधिक करपत नाही.

आम्लता मोजण्यासाठी १ ग्रॅम तेल सुमारे १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब घालावेत आणि लिटरला १ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड असलेले द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर द्रावण लागेल, तितका त्या तेलाचा आम्लांक. अल्कोहोल स्वतःच किंचित आम्लधर्मी असू शकते, त्यामुळे तेलाविना तीच चाचणी करून येणारा आकडा वजा करावा. आम्लांक २ म्हणजे सुटी मेदाम्ले साधारण १ टक्का. तिथपर्यंत थेट पुढे जाण्यास हरकत नाही. आम्लांक बराच जास्त असल्यास सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉल वापरून त्या मेदाम्लांचे आधी एस्टर करून घ्यावे लागतात, आणि त्या अभिक्रियेत निर्माण होणारे पाणी पुन्हा काढावे लागते.

आता १०० किलो तेलाचा हिशेब मांडू. सिद्धांताप्रमाणे सुमारे ११ किलो मिथेनॉल पुरेसे असते, परंतु अभिक्रिया पूर्णत्वाकडे ढकलण्यासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २२ किलो घ्यावे. उत्प्रेरक, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तेलाच्या १ टक्का, म्हणजे १ किलो. आम्लांक २ असल्यास त्यात आणखी २०० ग्रॅमची भर घालावी. बाजारातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड ८५ टक्के शुद्ध असेल, तर १.२ किलोऐवजी सुमारे १.४ किलो वजन करावे. उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो हे खरे. तरीही मी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच सुचवीन, कारण नंतर ग्लिसरीनचा थर फॉस्फोरिक आम्लाने उदासीन केल्यास त्यातून पोटॅशियम फॉस्फेट हे खतयोग्य क्षार मिळते.

उत्प्रेरक मिथेनॉलमध्ये विरघळताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे हे मिश्रण बंद टाकीतच करावे. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जाते, त्याने दृष्टी जाऊ शकते, दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगी मिळताच पेट घेऊ शकतात. ज्वालारोधक विद्युत उपकरणे, अर्थिंग, वायुवीजन आणि साठ्याचे परवाने यांवर काटकसर करू नये. घराच्या आवारात तर हा उद्योग मांडूच नये.

कोरडे तेल ५५ ते ६० अंशांवर आणून हे द्रावण सोडावे आणि सुमारे तासभर जोरात ढवळावे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळत असल्याने रिअ‍ॅक्टरला वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर हवाच. नंतर मिश्रण रात्रभर स्थिर ठेवून खालचा गडद ग्लिसरीनचा थर काढावा. वरच्या थरातील ३ मिलिलिटर नमुना २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवून पाहावा. तळाशी तेलाचे थेंब दिसल्यास अभिक्रिया अपुरी आहे. ही चाचणी २० अंशांच्या आसपास करावयाची असते, हे उन्हाळ्यात विसरले जाते. गरम मिथेनॉलमध्ये अपुरे राहिलेले तेलही विरघळते आणि नमुना फसवा उत्तीर्ण होतो.

इंधनातील साबण काढण्यासाठी ते पाण्याने धुवावे लागते. त्यापूर्वी दोन्ही थरांतील मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवावे. पहिल्या धुण्याचे पाणी कोमट व किंचित आम्लधर्मी असावे आणि ते अलगद फवारावे, अन्यथा साबणामुळे तेल व पाण्याचे दुधासारखे, सहज वेगळे न होणारे मिश्रण तयार होऊन दिवस वाया जातो. धुवून झाल्यावर इंधन पुन्हा वाळवावे. सांडपाणी गटारात सोडता येत नाही, त्यावर प्रक्रिया करावीच लागते.

विक्रीपूर्वी आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकानुसार प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. त्यातील ज्वलनांक (इंधनाच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ लागतात ते तापमान) किमान १०१ अंश असण्याची अट मिथेनॉल उरले असल्यास हमखास मोडते, तर किलोमागे ५०० मिलिग्रॅम पाण्याची कमाल मर्यादा घाईने वाळवलेल्या मालाला गाठता येत नाही. पामतेलापासूनचे बायोडिझेल साधारण १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते, त्यामुळे विदर्भात हिवाळ्यात पुरवठा करावयाचा असल्यास डिझेलमधील मिश्रणाचे प्रमाण ग्राहकाशी आधीच ठरवून घ्यावे.