उवा घरी काढायच्या की दुसऱ्याकडून काढून घ्यायच्या?

दिवाळीची सुट्टी संपवून मुली वसतिगृहावर परतल्या की पहिल्या रविवारी मी गच्चीवर चटई टाकते. जुनी पांढरी चादर, स्टीलची फणी, वाटीभर कोमट पाणी घेते आणि एकेकीला पुढ्यात बसवून डोकं बघते. कोल्हापूरजवळच्या मुलींच्या वसतिगृहात मी चौदा वर्षं रेक्टर आहे. या काळात आयांचा एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा ऐकला: "बाई, घरीच काढू की कुठं दाखवू?"

आधी एक खात्री करून घ्या, की त्या उवाच आहेत. कोंडा बोटानं झटकला की पडतो. लीख पडत नाही. खसखशीच्या दाण्याएवढी, लांबट, केसाला एका अंगानं घट्ट चिकटलेली असते आणि दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. मोठी ऊ तिळाएवढी. कानामागं आणि मानेवरच्या केसांत, उजेडात बघा.

लीख टाळूपासून किती लांब आहे तेही बघा. ऊ टाळूजवळच अंडी घालते आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून दोन बोटं लांब असलेली लीख बहुतेक नुसतं रिकामं टरफल असतं. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा औषध चोळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. चालती ऊ सापडली तरच औषधाचा विचार करा.

आता कुणाकडं जायचं ते. "दुसऱ्याकडून" म्हणजे एक तर डॉक्टर, नाही तर पैसे घेऊन उवा काढून देणारे, आणि या दोघांची कामं वेगळी आहेत.

खाजवून डोक्यात जखमा झाल्या असतील, त्यातून पाणी किंवा पू येत असेल, मानेत गाठी लागत असतील, ताप असेल, तर सरळ डॉक्टरांकडं. आमच्याकडं पाचवीतली एक मुलगी मान वाकडी करून बसायची. अभ्यासाचा कंटाळा असेल असं सगळ्यांना वाटलं. केस बाजूला केले तर मानेवर खपल्या आणि कानामागं दोन गाठी. तिला आधी जखमांचं औषध लागलं, उवांचं नंतर. पापण्यांत उवा असतील तरी डॉक्टरच हवेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं विचारल्याशिवाय औषध लावू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर औषध नाहीच, फक्त फणी. दोन वर्षांखालच्या मुलालाही मी डॉक्टरांना विचारूनच काही लावीन. आयव्हरमेक्टिन या उवांवरच्या पोटातून घ्यायच्या गोळ्या वजन बघून देतात, पंधरा किलोच्या आतल्या मुलांना सहसा देत नाहीत, म्हणून शेजारणीकडच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

यातलं काही नसेल तर घरीच काढा, हे माझं स्पष्ट मत. पण एका अटीवर: घरातलं कुणीतरी दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी अर्धा तास, फणी घेऊन बसलं पाहिजे.

फणीची रीत अशी. केस धुऊन ओले ठेवा, भरपूर कंडिशनर लावा, आधी साध्या कंगव्यानं गुंता काढा. मग केसांचे पातळ पातळ भाग करून फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत न्या. प्रत्येक ओढीनंतर पाण्यात बुडवा किंवा पांढऱ्या कापडावर पुसा. ओल्या केसांत ऊ पळत नाही, म्हणून सापडते. सगळं डोकं झालं की पुन्हा पहिल्यापासून एकदा. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सतराव्या दिवशी तपासा. मध्ये लग्न आलं, यात्रा आली म्हणून एक खाडा झाला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

औषध लावायचं असेल तर मेडिकलमध्ये 1 टक्का परमेथ्रिन मागा. त्या दिवशी आधी कंडिशनर लावायचा नाही, नाही तर औषध केसाला धरत नाही. केस धुऊन टॉवेलनं टिपा, डोळ्यांवर कापड धरा, औषध लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. पुढं दोन दिवस शाम्पू नको. हे औषध लिखा मारत नाही. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. नव्या उवा अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं असतं. "औषध लावलं पण गेल्या नाहीत" असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत हा दुसरा हप्ता राहिलेला असतो. मात्र औषध लावून दहा-बारा तासांनीही उवा पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळत असतील, तर तेच औषध वाढवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता पैसे घेऊन काढणारे. पुण्या-मुंबईत आता यासाठी वेगळी क्लिनिक आहेत. तिथं बारीक फणीनं केस विंचरतात, काही ठिकाणी गरम हवेच्या यंत्रानं उवा आणि लिखा सुकवतात. (घरच्या हेअर ड्रायरनं हा प्रयोग करू नका, टाळू भाजेल.) आई-बाप दोघंही रात्री आठला घरी येत असतील, मुलीचे केस कमरेपर्यंत दाट असतील किंवा स्वतःची नजर अधू झाली असेल, तर हा खर्च वाया नाही. जायच्या आधी फोनवर विचारा: काय लावता, आठवड्यानं पुन्हा तपासता का, पैसे केसांच्या लांबीवर घेता का. "एकदाच या, पुन्हा बघायची गरज नाही" म्हणणाऱ्याकडं मी जाणार नाही. आणि कुणाकडूनही काढून घ्या, घरातली बाकीची डोकी त्याच दिवशी तपासा. बहिणीच्या डोक्यात राहिल्या तर आठवड्यात परत येतात.

सीताफळाच्या बियांची पूड लावू नका. आमच्या भागात ती सर्रास लावतात. मीही सुरुवातीच्या वर्षी एका मुलीला लावली होती. कपाळावरून ओघळ डोळ्यात गेला आणि तिला रात्रभर डोळा उघडता आला नाही. या पुडीनं बुबुळाला इजा होते, हे मला दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. रॉकेल आणि शेतावरची फवारणीची औषधं तर डोक्याजवळही आणायची नाहीत.

घर धुवून काढायची गरज नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल, स्कार्फ गरम पाण्यात धुवा, कंगवे गरम पाण्यात घाला. उवा पसरतात त्या डोक्याला डोकं लागून, आमच्याकडं चौघी एका मोबाईलवर वाकलेल्या असतात तशा. धुतलेल्या स्वच्छ केसांतही होतात.

म्हणून मुलीला रागावू नका आणि तिचे केस भादरू नका. सहावीतली एक मुलगी सुट्टीनंतर डोकं पूर्ण काढून आली होती. घरच्यांना वाटलं, कटकट मिटली. ती पुढं कितीतरी महिने जेवतानासुद्धा स्कार्फ सोडत नव्हती. चार वेळा फणी फिरवून जे झालं असतं, त्यासाठी तिच्या वेण्या गेल्या.

सतराव्या दिवशी दोनदा फणी फिरवून वाटीतलं पाणी स्वच्छ राहिलं, की मी वेण्या घालून रिबिनी बांधते आणि त्या मुलीला खाली जेवायला पाठवते.