फ्लश नीट ओढत नाही? टाकी बदलण्याआधी बादलीने तपासा

बटण दाबलं की पाणी येतं, कमोडमध्ये वर चढतं आणि मग रेंगाळत उतरतं. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला खर्च टाकीवर होतो. तो करण्याआधी एक बादली पाणी ओतून बघा. दोष टाकीत आहे की पाइपात, ते तिथेच कळतं.

कमोडच्या पोटात पाइप वर वळून मग खाली उतरतो. त्या वळणात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम अडून राहतं आणि गटाराचा वास रोखतं. सायफन पद्धतीच्या कमोडमध्ये टाकीतलं पाणी एकदम आलं की वळण काठोकाठ भरतं आणि पलीकडे उतरणारं पाणी मागच्या पाण्याला ओढून नेतं. पिंपात रबरी नळी टाकून खालच्या बादलीत पाणी काढतो, तोच प्रकार. हवा आत शिरली की घर्र आवाज येतो आणि ओढ तुटते. आपल्याकडे वॉश-डाउन कमोडही भरपूर आहेत. त्यांत ओढ फारशी नसते, पाण्याच्या धक्क्यानेच मैला पुढे जातो. पण दोन्हींत पाणी झटक्यात यावं लागतं.

म्हणून बादलीतलं सात-आठ लिटर पाणी एका दमात ओता. बारीक धार धरलीत तर ते नुसतं वळणावरून सांडत राहील आणि काहीच कळणार नाही. कमोड आधीच तुंबलेला असेल तर मात्र ओतू नका.

बादलीने सगळं झपकन गेलं, तर पाइप मोकळा आहे. टाकीचं झाकण उचला. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवं. त्याहून बरंच खाली असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून नळ बंद करणारा भाग, वर घ्या. मग कमोडच्या काठाखालची भोकं छोटा आरसा धरून बघा. बोअरचं पाणी असलेल्या घरात ती क्षाराने हमखास बुजतात. रात्रभर व्हिनेगर लावून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही टाकू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बादलीचं पाणीही अडलं, तर प्लंजर घ्या. त्याचं रबर पाण्यात पूर्ण बुडालेलं हवं. दाबण्याइतकाच जोर वर ओढतानाही लावा, अडकलेला बोळा बऱ्याचदा त्या ओढीनेच सुटतो.

फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते आणि मागोमाग वास येतो? मग गच्चीवर जा. वरच्या मजल्याचं पाणी उभ्या पाइपातून पडताना मागे हवा मागतं. ती व्हेंट पाइपातून, म्हणजे गच्चीवर उघडणाऱ्या हवेच्या पाइपातून मिळाली नाही, तर ते तुमच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं पाणी शोषून घेतं. व्हेंटच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं किंवा वॉटरप्रूफिंगच्या वेळी बसवलेलं झाकण सापडू शकतं. हे काम सोसायटीला सांगून करून घ्या.

तळमजल्यावर पाणी उलटं वर येत असेल, तर चेंबर तुंबलं आहे. तिथे मशीनची गाडीच बोलवा. पैसे वाचवायला कुणालाही चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला असं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मजूर स्वतः तयार असला तरी तो गुन्हाच राहतो.