एन्झाइम मण्यात राहतंय का, हे आधी बघा

सयाजीगंजातल्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिलं हेच शिकवते. 5-फ्लुओरोसायटोसिनपासून कॅन्सरवरचं 5-फ्लुओरोयुरॅसिल तयार करणारं सायटोसिन डीअमिनेज हे एन्झाइम आपल्या पेशींत नसतं. ते जेलच्या मण्यांत कोंडून गाठीजवळ ठेवलं, तर औषध तिथेच तयार होईल. पण जेलमधून ते बाहेर झिरपलं, तर औषध नको तिथेही बनेल.

सरावाला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे दुसरं एन्झाइम घ्या, कारण त्यात ओएनपीजी हे रंगहीन रसायन टाकलं की ते तुटून पिवळा रंग येतो आणि 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजता येतो. जेल सोडियम अल्जिनेटचं, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाचं. त्याचं 2 टक्के द्रावण करताना पावडर ढवळत्या पाण्यात चिमूट-चिमूट सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर ठेवून बुडबुडे जाऊ द्या. एन्झाइम शेवटी घाला, तेही बर्फावर. बडोद्यातल्या मे महिन्यात टेबलावर विसरलेली बाटली गेलीच म्हणून समजा. मग सिरिंजने 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडा आणि अर्धा तास थांबा. भिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी होतात.

आता बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. ओएनपीजी टेस्टचं नेहमीचं बफर फॉस्फेटचं असतं, आणि फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं. पाणी दुधाळ होतं, मणी लिबलिबीत होतात. म्हणून धुवायलाही आणि टेस्टलाही ट्रिस नावाचं बफर वापरा. त्यात थोडं कॅल्शियम आणि या एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम घाला. शेवटी क्रिया थांबवायला सोडियम कार्बोनेट टाकलं की उरलेलं कॅल्शियम पांढरं खाली बसतं आणि रीडिंग उगाच वाढतं. सेंट्रिफ्यूज करून वरचंच पाणी मोजा.

खरी परीक्षा पुढे आहे. मणी 37 अंशांवर ठेवा, रोज भोवतालचं बफर काढून नुसत्या त्यातच ओएनपीजी घाला. पिवळं झालं, तर एन्झाइम गळतंय. मग मण्यांवर कायटोसानचा, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेल्या पदार्थाचा, थर द्या. ग्लुटाराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने पकड पक्की होते, पण एन्झाइमची ताकद घटते, म्हणून मी आधी कायटोसानच देते. ते आम्लातच विरघळतं आणि या एन्झाइमला आम्ल सोसत नाही. पीएच 6 च्या आसपास ठेवा, थोडाच वेळ बुडवा, लगेच धुवा.

मण्यांचं रीडिंग कमी आलं म्हणून एन्झाइम मेलं, असं लगेच म्हणू नका. मणी मोठा असला की ओएनपीजीला आत शिरायलाच वेळ लागतो. लहान मणी करून पुन्हा मोजा.

हे सगळं जमलं की मणी सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागात, ठेवून बघा. तिथे सोडियम भरपूर. तो कॅल्शियमची जागा घेतो आणि मणी फुगतो. गळतीची टेस्ट तिथेही रोज करा.